दर मंगळवारी

न्हाणीघराचं दार आतून लावून त्याला वीस मिनिटं झाली होती.

"बरा आहेस ना?" तिनं बाहेरून विचारलं.

"हो हो. आलोच."

तो बाहेर आला तेव्हा कपाळ घामानं डबडबलेलं. कॉलर नीट करायच्या निमित्तानं तिनं जवळ जाऊन डोळ्यांत पाहिलं. गोळ्या घेतल्या की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, असं व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं होतं. याच्या तर चांगल्या मोठ्या होत्या. मग घाम कसला?

गोळ्या सोडून त्याला चार वर्षं झाली होती. सुतारकामात पुन्हा जम बसला होता. पण महिनाभरात अंगावरचे कपडे सैल झाले. ताटातलं अर्धं तसंच उरायचं. लेकीनं पाठीवर उडी मारली तर तिच्यावर केवढ्यांदा खेकसला, आणि मग तासभर तिचीच मनधरणी करत बसला.

तिनं कपाट, गादी, हत्यारांची पेटी, सगळं उलथंपालथं केलं. काही सापडलं नाही. सुटकेचा श्वास सोडावा की आणखी घाबरावं, तिला कळेना.

मंगळवारी दुपारी ती थेट वर्कशॉपवर गेली. त्याचा जोडीदार फळीला रंधा मारत होता.

"वहिनी, तो तर गेला. दर मंगळवारी जातो ना! तुम्हाला ठाऊक असेल म्हटलं."

"आहे की. माझ्याच लक्षात राहिलं नाही," ती म्हणाली आणि मागे वळली.

चौकातल्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तो बसलेला दिसला. मांडीवर फाइल, मुठीत गोळ्यांची पट्टी. रंगावरूनच तिनं ती लांबून ओळखली. याच गोळीपायी एकदा घर धुळीला मिळालं होतं.

"किती घेतल्यास?"

"एकही नाही."

"तेव्हाही हेच म्हणायचास."

त्यानं फाइल पुढे केली. मणक्याचा कॅन्सर, पसरलेला. पाच मंगळवारच्या पाच चिठ्ठ्या. प्रत्येकीवर तीच गोळी, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात, 'वेदना असह्य, तरी रुग्ण नकार देतो.'

"आज विकत घेऊन बसलो. फेकवत नाहीये. तूच फेक," तो म्हणाला.

तिनं पट्टी हातात घेतली. ती फोडून एक गोळी तळहातावर काढली.

"आ कर," ती म्हणाली.