न आलेला राजीनामा

विज्ञानाच्या बाईंनी सोमवारी राजीनामा दिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, टेबलाच्या खणात सारला आणि तो आलाच नाही असं ठरवून टाकलं.

महामारीत शाळेला कुलूप लागल्यापासून दोन शिक्षक सोडून गेले होते. आता बाई गेल्या, तर त्यांच्यामागोमाग आठवीची पोरं जाणार, आणि शाळेत उरणार घंटा आणि मुख्याध्यापक. म्हणून त्यांनी बाईंना फोनही केला नाही. विचारलं, तर राजीनामा मिळाल्याचं कबूल करावं लागलं असतं.

"बाईंनी राजीनामा दिला म्हणे," बायको म्हणाली.

"कोणत्या बाईंनी?"

"तुमच्याकडे उरल्यात किती?"

तरी बाई शिकवतायत की नाही, हा किडा डोक्यात वळवळतच राहिला. शेवटी त्यांनी आठवीतल्या एका मुलीच्या आईकडे ऑनलाइन वर्गाची लिंक मागितली. आईने बरेच आढेवेढे घेतले, मग पाठवली. कॅमेरा बंद ठेवून, 'नवीन विद्यार्थी' असं नाव टाकून ते गुपचूप आत शिरले.

बाई शिकवत होत्या. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालून, ती का विझली ते पोरांच्याच तोंडून वदवून घेत होत्या. आणि हजेरी तर अशी, की शाळा उघडी असतानाही आठवीचा वर्ग इतका कधी भरला नव्हता.

मुख्याध्यापकांचा ऊर भरून आला. निष्ठा म्हणतात ती हीच, असं त्यांनी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, असेल बाबा, पण एकदा विचारून तर घ्या. त्यांनी विचारलं नाही. ते रोज तासाला बसू लागले. नवी वही घातली. गृहपाठ केला. बाईंनी 'नवीन विद्यार्थ्या'ला शाबासकी दिली, ती त्यांनी जेवताना दोनदा सांगितली.

शनिवारी तास संपताना बाई म्हणाल्या, "थांबा रे, आपले मुख्याध्यापक दोन शब्द बोलणार आहेत."

म्हणजे बाईंनी ओळखलं तर. मुख्याध्यापकांनी केस सारखे केले, घसा खाकरला आणि कॅमेऱ्याच्या बटणाकडे बोट नेलं.

तेवढ्यात पडद्यावर टाय लावलेला एक तरुण गृहस्थ उगवला. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेतर्फे त्याने बाईंचं आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या सगळ्या मुलांचं स्वागत केलं. काही अडचण असेल तर इथेच लिहून कळवा, म्हणाला.

मुख्याध्यापकांनी बोट मागे घेतलं आणि लिहिलं: "माननीय मुख्याध्यापक महोदय, सदर बाई व सदर मुले मूळ शाळेस तत्काळ परत करण्यात यावीत, व तोवर अर्जदारास वर्गातून काढू नये, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक, नवीन विद्यार्थी."