साळूबाईची तक्रार

साळूबाई भांडायला येते तेव्हा घरात पाऊल टाकत नाही. अंगणात उभी राहते, पदर कमरेला खोचते आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात करते.

"गौतमे, बाहीर ये आधी. तुझ्या पोरीनं माझ्या पापड्या तुडवल्या. सकाळधरनं गच्चीवर कंबर मोडून घालतीय मी, आन ही वल्ल्या पापड्यांवरनं पळत गेली."

गौतमी तव्यावरची भाकरी तशीच सोडून बाहेर आली. "कोन, सृष्टी?"

"मग काय मी?"

"पळत गेली म्हनता?"

"आमच्या ओम्याच्या मागं. त्यानं हिची चप्पल गच्चीवरनं खाली टाकली, मग ही सुटली त्याच्या मागं. आता नातू माझाच हाय, त्याला मी बगते. पर माझ्या पापड्यांचं काय?"

आत भाकरी करपत होती.

दीड वर्षापूर्वी घरात सगळ्यांनाच कोरोनाचा ताप येऊन गेला होता. तिचा नवरा शेखर आठवड्याभरात उरवड्याच्या कंपनीत कामावर हजर झाला, गौतमीही उठली. नऊ वर्षांच्या सृष्टीचा ताप उतरला, पण पोरगी काही उठली नाही. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. केस विंचरताना हात भरून यायचे, पाढा म्हणताना मध्येच पुढचं आठवायचं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलांत ताप गेला तरी असं मागं राहतं. बरी होईल, पण तिला दमवू नका. ते खरंच होतं. एखाद्या दिवशी पोरगी जरा हसली-खेळली की गौतमी धास्तावायची, कारण त्यापुढचे दोन-तीन दिवस ती अंथरुणातून हलायची नाही. गावाला मात्र डॉक्टरांची गरज नव्हती. शाळा बुडवायची नाटकं, हे निदान साळूबाईचं. तेही असंच अंगणात उभं राहून केलेलं.

"मला दावा," गौतमी म्हणाली.

"काय दावू?"

"पापड्या."

साळूबाईच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या ओळीनं वाळत होत्या. त्यांच्यामधून अनवाणी पावलं तिरकी गेली होती. गौतमी वाकली. एक पाऊल इथं, तर दुसरं पार तिकडं. टाच कुठंच उमटलेली नव्हती, नुसते चवडे. कुणी चालत गेलं की टाचा टेकतात. ती तिथंच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"येड लागलं का काय हिला," साळूबाई म्हणाली.

"उद्या येते आत्या. सगळ्या परत घालून देते. तुमच्या व्हत्या त्याच्या दुप्पट."

आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. सृष्टी दोन घास खाऊन दिवेलागणीलाच झोपली, तिचा चेहरा उतरला होता. कामावरून आलेला शेखर सगळं ऐकून तिच्या पायाशी बसला. "उद्या उठंल का?" त्यानं विचारलं. गौतमी भांडी आवरत राहिली. असं त्यांनी किती वेळा पाहिलं होतं.

सकाळी शेखर पहिल्या पाळीला गेला तेव्हा सृष्टी झोपलेलीच होती. गौतमी बोलल्याप्रमाणे साळूबाईच्या गच्चीवर पोचली. साळूबाई शिजलेला साबुदाणा ढवळत होती आणि गौतमी पळीनं पापड्या घालत होती. तिथून समोरच तिच्या घराचं दार दिसायचं. एक ओळ घालून झाली की ती मान वर करायची. दार बंद. उन्हं गच्चीवर आली, तरी दार बंदच.

तिची नजर कुठं जाते ते साळूबाईच्या ध्यानात आलं.

"उठली न्हाई व्हय अजून?"

"न्हाई."

साळूबाईचं ढवळणं थांबलं.

"लई बोलले मी त्या लेकराला," साळूबाई पातेल्यात बघत म्हणाली. "नगं व्हतं बोलाया."

गौतमीनं पळी भरली, पण पापडी वेडीवाकडी पडली.

तेवढ्यात जिन्यावर भोकाड पसरल्याचा आवाज आला. ओम वर येत होता. सृष्टीपेक्षा दोन वर्षांनी मोठा, चांगला दांडगा पोरगा, पण रडताना नाक पुसायचंही भान नव्हतं.

"काकी, सृष्टीनं मला मारलं."

गौतमीच्या हातातली पळी पातेल्यात पडली. "ती झोपलीय रे."

"कुटं झोपलीय? मागच्या दारानं आली. कालच्या चपलेचा राग काडला. मी पळालो ना, पार हापशापतुर पळालो, तरी गाठलं मला तिनं."

"आन आता कुटं हाय?"

"तितंच. परत ये म्हनतीय." तो पुन्हा हुंदका देऊन म्हणाला, "लई जोरात मारलं काकी."

साळूबाईनं नातवाला पुढ्यात ओढलं आणि त्याचा सदरा वर केला. पाठीवर पाचही बोटं उठली होती, स्पष्ट, अंगठ्यासकट.

दोघी बायका त्या पाठीकडं बघत राहिल्या.

"रडू नको," साळूबाई म्हणाली. "जरा उजेडाकडं पाठ कर. काकीला नीट बगू दी."