चाळिसावा दगड

"बावीस," अक्का म्हणाली. अंगठा बोटाच्या पुढच्या पेरावर सरकवून ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.

मालक मीटरवर नाक टेकवून मधल्या सीटवर बसला होता. "सत्तावीस दाखवतंय."

दाजीने गिअर टाकला, तोही मालकाच्या गुडघ्याला लागेल असा.

माणसं तिन्ही घरचीच. ट्रक मालकाचा. चालवणारा दाजी. आणि खिडकीशी बसलेली अक्का ही मालकाची थोरली बहीण, दाजीची बायको. ट्रक जुना होता. मध्ये दाजी तापाने पडला, तेव्हा मालकाने ट्रकचा मागचा ॲक्सल काढून मोठ्या गाडीचा दणकट ॲक्सल बसवून घेतला. हेतू एकच, माल जास्त भरता यावा. माल जास्त भरू लागला, आणि दर खेपेला मीटरवर तीस किलोमीटरही जास्त भरू लागले.

तीस किलोमीटर म्हणजे मालकाच्या हिशोबात एक आडवळण. वळणावर एक गाव, गावात एक घर, घरात एक बाई. एवढी वस्ती त्याने चार आकड्यांवर वसवली आणि जशीच्या तशी बहिणीच्या पदरात टाकली. बहिणीने नवऱ्याला काही विचारलं नाही. त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि तो जेवेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची, एवढंच.

"ॲक्सल बदलल्यापासून मीटर खोटं बोलतंय," असं दाजीने सांगून पाहिलं होतं. मालक हसला होता. "मीटरला कोणापासून काय लपवायचंय, दाजी?"

म्हणून आजची ही खेप. दाजीनेच दोघांना गाडीत घातलं होतं. भावाने मीटर बघायचं, बहिणीने रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायचे. आणि गाडी कुठे वळते का, ते दोघांनी चार डोळ्यांनी बघायचं.

उजवीकडून एक मोपेड पुढे गेली. तिच्यावर दुधाचे दोन कॅन आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याला घाई असल्याचं दिसत नव्हतं.

"काटा पन्नासवर आहे," मालक म्हणाला.

"मग तो म्हातारा विमान चालवत असेल."

अक्काला हसू आलं. तिने ते गिळलं. "एकोणतीस," ती म्हणाली.

पुढे चढ आला, नव्या ॲक्सलने तो सहज घेतला. आडवे रस्ते आले आणि गेले. प्रत्येक रस्त्याशी दाजी मुद्दाम वेग कमी करायचा, दोघांकडे बघायचा, मग सरळ पुढे जायचा. तिसऱ्या वेळी अक्का म्हणाली, "अहो, पुरे की."

"का? नीट बघून घे. कुठल्या फाट्यावर आहे ती?"

अक्काने मान वळवली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चाळीस."

मालकाने मीटरवर बोट ठेवलं, काच पुसली, पुन्हा बघितलं. पन्नास.

गाडी कुठेही वळली नव्हती.

"दगड चुकीचे लावलेत," मालक म्हणाला.

"सगळे?" अक्काने विचारलं.

मालक एकदम मांडीवर थाप मारून हसला. "हां! मिस्त्री म्हणाला होता खरा. म्हणे, या ॲक्सलने चाकं हळू फिरतील, मीटर मात्र जुन्या हिशोबानेच पळेल, त्याचाही गिअर बदलून घ्या. मी म्हटलं, राहू दे रे, मीटर काय पोती उचलतं? डोक्यातूनच गेलं बघा!"

दाजीने ब्रेक लावला. ट्रक रस्त्याच्या कडेला, दगडाच्या जरा पुढे थांबला.

"म्हणजे तुला माहीत होतं," अक्का म्हणाली.

"अगं, विसरलो. माणूस विसरतो. झालं ते झालं." मालकाचं लक्ष आत्ताच दुसरीकडे गेलं होतं. ओठ हलत होते, गुणाकार-भागाकार चालला होता. मग त्याने मान वर केली. "पण दाजी, गाडी एवढीच चालली, तर डिझेल एवढं कसं लागलं? ते कुठे जातं?"

अक्काने दार उघडलं आणि ती खाली उतरली.

"काय झालं?" मालक म्हणाला.

"उतर."

"अक्का, अगं मी नुसतं विचारलं..."

"त्या बाईचं सांगायला माझ्यापाशी आलास, तेव्हा नुसतं विचारलं होतंस? उतर खाली. मागून एखादी गाडी येईल. बसण्याआधी तिचं मीटर तपासून घे."

ट्रक त्याचा होता, पण चालवता त्याला येत नव्हता. त्याने एकदा दाजीकडे बघितलं. दाजी समोर बघत होता. मालक उतरला.

अक्काने दाराच्या दांडीला हात घातला. इंजिन चालूच होतं. दाजीचा पाय क्लचवर होता आणि हात गिअरवर. तिने पायरीवर पाय ठेवला नाही.

"मी चढू?"

दाजीने बराच वेळ लावला. "चढ," तो म्हणाला. "दगड अजून ऐंशी राहिलेत."

ती चढली. दार ओढून घेतलं आणि तिथेच दाराला चिकटून बसली. मधली सीट रिकामी राहिली. नव्या ॲक्सलच्या चालीने ट्रक रांगत निघाला, त्यामुळे आरशात मालक फार वेळ दिसत राहिला. दगडापाशी उभा, एक हात वर केलेला.

पुढचा दगड आला. अक्काने तो पाहिला आणि खाली मांडीवरच्या हातांकडे नजर नेली. अंगठा पेरावरून हलला नाही.

"एक्केचाळीस," दाजी मोठ्याने म्हणाला.