वाजणारा ससा

शर्यतींतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड कुत्रे, थोरला आणि धाकटा, म्हणजे तिची पोटची पोरंच. पट्टा काढला की वाऱ्यासारखे सुटत, हाकांना भीक घालत नसत. म्हणून तिने त्यांना एकच गोष्ट शिकवली: रबरी ससा वाजला की असाल तिथून धावत यायचं. दाबला की वाजे, सोडला की पुन्हा वाजे. आज मैदानाचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं आणि दोघे रस्ता ओलांडून पलीकडे निवांत हुंगत उभे राहिले. "वाजवू नकोस गं, मी आणतो!" नवरा ओरडेपर्यंत तिने घाबरून ससा दाबला होता. थोरला गुणी बाळासारखा तडक निघाला आणि ट्रकखाली गेला. धाकटा कडेलाच थबकला. नवरा थोरल्याकडे धावला. "अहो, आधी धाकट्याला धरा!" ती ओरडली. दाबल्यापासून आवळूनच धरलेल्या मुठीतून ससा निसटू लागला. पलीकडे धाकटा कान टवकारून उभा होता.