अडतीस मीटर

अमळनेरच्या एका जिनिंग मिलमधला नेटवर्क स्विच रोज भर दुपारी मरतो, आणि तो मेला की वजनकाटाही बंद पडतो.

"हाई तिसरी येळ शे तुमनी. गाड्या गेटपावत उभ्या शेतस," मिलचे मॅनेजर झुलाल नाना म्हणाले. मला स्विचच्या खोलीत बसवून त्यांनी बाहेरून चक्क कडी घातली.

मनातल्या मनात शिव्या देत मी लॅपटॉप जोडला आणि क्रॅश लॉग उघडला. रोज मरण्याआधीची शेवटची ओळ एकच होती: चोवीस नंबरच्या पोर्टला काहीतरी जोडलं गेलं.

स्विचपासून किती अंतरावर वायर तुटली आहे, ते सांगणारी एक कमांड असते. ती मी चोवीसवर चालवली. अडतीस मीटर. पुन्हा चालवली, तर सव्वीस. तुटलेली वायर जागेवर पडून असते, चालत नाही. चिडून तिसऱ्यांदा चालवली. अकरा.

"नाना, चोवीसची वायर कुठे जाते?" मी ओरडून विचारलं.

"ती ते मी दिवाळीलेच काढी टाकी," दाराबाहेरून उत्तर आलं.

मी वाकून पाहिलं. पोर्ट रिकामं होतं. आत कापसाची धूळ साचली होती.

"नाना, कडी काढा."

"पहिले चालू करा."

स्क्रीनवर पाच आलं. मग तीन. आता मी कमांड देतही नव्हतो.

मग एक आलं, आणि आकडा तिथेच थांबला.

स्विचपासून माझी खुर्ची एक मीटरवर आहे.