पिवळा डार्टर आणि दुहेरी शिलाई

टेलरमास्तरांनी वाळूवर डबा उघडला आणि होणाऱ्या, म्हणजे अजून न ठरलेल्या जावयाला विचारलं, "ह्यातला कुठला घ्याल?"

डब्यात लाकडाचे सहा नकली मासे शेजारी शेजारी निजले होते. डोक्याशी तिरकी खाच, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन टोकांचे गळ. मास्तर त्यांना डार्टर म्हणत. पाण्यात झुलताना ते मोठ्या माशाला जायबंदी भक्ष्य वाटावेत, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा.

पाहुण्याने समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. झटकन चंदेरी उचलला.

"गढूळ पाण्यात चंदेरी दिसणार कुणाला?" मास्तरांनी तो काढून घेतला आणि पिवळा हातात दिला. मनातल्या मनात एक गुण कापला.

पाहुणा अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता. मास्तरांचा आक्षेप एवढाच, पण तो डोंगराएवढा. ज्याचा धंदाच घाईचा, तो आपल्या मुलीला दोन घास सुखाने खाऊ देईल का? मुलगी मागे धक्क्याच्या भिंतीवर थर्मास मांडीत धरून बसली होती. हो की नाही, ते बाबा आज सांगणार होते.

तसे मास्तर रस्त्याने जाणाऱ्या माणसाचं मापसुद्धा नुसत्या नजरेने घेत. ह्याचं मात्र त्यांनी तीन भेटींत एकदाही घेतलं नव्हतं. एकदा माप घेतलं की गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं, हा चाळीस वर्षांचा अनुभव.

ड्रायव्हरने डार्टरच्या नाकातल्या कडीला थेट गळाच्या काठीच्या दोरीची गाठ मारायला घेतली.

"अहो, गळा आवळताय का त्याचा? ही क्लिप लावा. नाक मोकळं राहिलं तर तो नाचेल. आणि वेळ पडली तर सोडवायलाही बरं."

ड्रायव्हरने क्लिप लावली, डार्टर लांब फेकला आणि काठीवरचं दोरी गुंडाळायचं रीळ गरागरा फिरवलं. डार्टर लाटांवरून टणाटण उड्या मारत, जीव घेऊन पळाल्यासारखा परत आला.

"ह्याला फरफटत आणायचं नसतं," मास्तर कळवळून म्हणाले. "प्रवाह त्याला डावी-उजवीकडे झुलवतो. आपण फक्त दोरी ढिली पडू द्यायची नाही. हळू. त्याहून हळू. द्या इकडे, दाखवतो."

त्यांनी काठी हातात घेतली. "आणि पहिला नियम. फेकण्याआधी मागे बघायचं."

हा नियम मास्तरांनी बावीस वर्षं पाळला होता. आज मात्र हा नीट बघतोय की नाही, ते बघण्याच्या नादात मागे बघायचंच राहिलं.

काठी पुढे गेली, डार्टर गेला नाही. तो मास्तरांच्या पँटीत मागच्या बाजूला, बरोबर मधल्या शिवणीत रुतला होता. दचकून त्यांच्या हातून काठी सुटली, ती लाटेने ओढली, आणि काठीमागोमाग मास्तर उलट्या पावलांनी समुद्राकडे निघाले.

आता हा धावत येणार, ओढाओढ करणार, फाडून ठेवणार, असं म्हणत मास्तरांनी डोळे मिटले. पँट त्यांनी स्वतः शिवलेली होती. दुहेरी शिलाईची.

ड्रायव्हर चालत आला. त्याने मागून त्यांचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने डार्टरच्या नाकाशी चाचपलं आणि क्लिप उघडली. दोरी सुटली. वाहत निघालेल्या काठीवर त्याने पाय ठेवला.

"पालथे झोपा, काका. टोक आत लागतंय?"

"लागतंय. पण पँट कापायची नाही, सांगून ठेवतो!"

"नाही कापत. टाके उसवायला काही आहे?"

मास्तरांच्या खिशात बारकी कात्री होती. ती आंघोळीला जातानाच तेवढी खिशातून निघत असे.

ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला. एक टाका उसवला. थांबला. मग दुसरा. मास्तर वाळूत गाल टेकून टाके मोजत राहिले. अकरा झाले तरी कापड कुठे ताणलं नव्हतं की गळ हलला नव्हता. दुकानातले कारागीर शिवण उसवायला बसले की चराचरा आवाज यायचा. इथे आवाज होता तो फक्त समुद्राचा.

"तुम्ही हळू करता की!" मास्तर वाळूला म्हणाले.

"घाई जाताना असते, काका. पेशंट गाडीत आला की मी एकेक खड्डा बघून चालवतो."

मास्तरांना स्वतःची लाज वाटली. थोडी मागून लागणाऱ्या वाऱ्यामुळेही वाटली असेल.

तेवढ्यात मुलगी धावत आली. थर्मासचं झाकण वाटेत पडलं होतं. "बाबा! अहो, हे काय झालं? आणि ठरलं काय?"

मास्तरांनी मान वळवली आणि आपल्यामागे गुडघ्यांवर बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"छाती अडतीस," ते म्हणाले. "खांदा साडेसतरा. उजवीकडे जरा उतरता आहे, तो मी कोटात सांभाळून घेईन. महिना लागेल. सारखं सारखं विचारायला यायचं नाही."

ड्रायव्हरने बारावा टाका उसवला.

"घाई नाही," तो म्हणाला. "हलू नका."