साधं पाणी

आई गेली त्या सकाळी मिसाएनं रिवाजाप्रमाणे तिच्या ओठांना लावायला वाटीत पाणी आणलं. धाकट्या भावानं काडीला गुंडाळलेला कापूस त्यात बुडवला, तर पाणी टपकेना, खळीसारखं लोंबत राहिलं. "यात काय कालवलंस, ताई?" मिसाए वाटीकडे बघतच राहिली. आईला पातळ गिळवत नव्हतं, ठसक्यानं जीव गुदमरायचा. म्हणून चार वर्षं मिसाए प्रत्येक घोटात दाटपणा आणणारी पूड ढवळत आली होती. आजही हात आपसूक डब्याकडे गेला होता. "साध्या पाण्यासाठी हात जोडायची बिचारी," वर्षातून एकदा उगवणारा भाऊ म्हणाला. "आता तरी दे." मिसाएनं नळाचं पाणी आणलं, आईच्या ओठांना लावलं आणि सवयीनं श्वास रोखून ठसक्याची वाट पाहिली. ठसका आला नाही. "हुश्श," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ते भावाच्या आधी तिनं स्वतःच ऐकलं.